'सॉरी, कम अगेन?' : इंग्रजी बरोबर असूनही समोरच्याला कळत नाही तेव्हा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेनऊचा कॉल, पलीकडे अमेरिकेतला क्लायंट आणि अलीकडे माझ्या शेजारी बसलेला लातूरचा एक मुलगा. नोकरीला लागून चारच महिने झाले होते त्याला. क्लायंटने विचारलं, काम आज रात्री होईल का. हा म्हणाला, "वी कॅन डिप्लॉय टुनाइट." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "ओके, नो प्रॉब्लेम. टुमॉरो देन." आणि कॉल संपला.

पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, मी तर होईल म्हणालो!"

म्हणाला होताच, मी ऐकलं होतं. पण पलीकडच्याने 'कॅन'च्या जागी 'कॅन्ट' ऐकलं. व्याकरणात चूक नाही, शब्दात चूक नाही, नेटवर्क ठणठणीत, आणि निरोप बरोब्बर उलटा पोचला. असा बिघाड एकदा झाला तर हसून सोडून द्यावा. पण तो दर आठवड्याला होतो, वेगवेगळ्या माणसांना होतो, आणि प्रत्येक वेळी उपाय एकच सांगितला जातो: हळू बोल, मोठ्याने बोल. तो उपाय बहुतेक वेळा बिघाड वाढवतो. म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवते आहे.

आधी एक खूण सांगते, पुढे सगळीकडे लागेल. आपण लांबून हाक मारताना 'अगंऽऽ' लिहितो, तोच अवग्रह मी इथे वापरणार आहे. 'डिव्हेऽलप' असं दिसलं की 'व्हे'वर वजन, म्हणजे आघात (स्ट्रेस). ऽ म्हणजे नुसतं लांबवणं नव्हे, ते खाली येईलच.

आधी हे वगळा

तोच हेडफोन लावून दुसरा कुणी बोलला आणि त्याचं नीट कळलं, तर माइकचा दोष नाही. चेन्नईचा, कोलकात्याचा सहकारी तुमचं बोलणं बिनबोभाट समजतो आणि फक्त लंडन, टोरांटो, सिडनीवालेच अडखळतात का? तसं असेल तर तुम्ही योग्य पानावर आलात. आपलं आपल्यातलं इंग्रजी उत्तम चालतं. ती एक रीतसर बोली आहे आणि ती 'चुकीची' आहे असं मी मुळीच म्हणत नाही. अडचण फक्त तिच्याबाहेरच्या कानापाशी येते.

आणि 'हळू बोल'बद्दल: हळू बोलायला लागलं की आपण प्रत्येक अक्षर सुटं आणि सारख्या वजनाने टाकतो, डे-व्ह-लप-मेंट. मोठ्याने बोललं तरी तेच, चारही अक्षरं मोठी. समोरच्याला जी खूण हवी असते ती यातच पुसली जाते.

बिघाड नेमका कुठे

मराठीत 'कमळ' म्हणताना 'क'वर दाब दिला काय किंवा 'म'वर दिला काय, फूल तेच राहतं. फार तर ऐकणाऱ्याला वाटेल, ही आज जरा वैतागलेली दिसते. इंग्रजीत दाब हा शब्दाच्या ओळखीचाच भाग आहे, आपल्याकडे मात्रा-वेलांटी असते तसा. त्याची जागा हलली की ऐकणारा डोक्यातल्या शब्दकोशाचं भलतंच पान उघडतो.

हे पान उघडणं कसं चालतं यावर ॲन कटलर आणि डेनिस नॉरिस यांनी १९८८ मध्ये फार सुरेख काम केलं. सलग बोलण्यात शब्दांच्या मध्ये मोकळी जागा नसते. मग नवा शब्द सुरू झाला हे कसं ओळखायचं? इंग्रजी ऐकणारा वजनदार अक्षर आलं की तिथे नवा शब्द सुरू झाला असं धरून चालतो. इंग्रजीतले बहुतेक नेहमीचे शब्द वजनदार अक्षराने सुरू होतात, त्यामुळे हा हिशेब सहसा बरोबर येतो. पुढच्या एका प्रयोगात अगदी हळू आवाजात 'कन्डऽक्ट असेऽन्ट्स अपहिऽल' असं ऐकवलं, तेव्हा कुणीतरी डॉक्टर बिल पाठवत असल्याचं ऐकलं! तेव्हा तुम्ही भलत्या अक्षरावर वजन टाकलंत की समोरचा वाक्य भलत्याच ठिकाणी कापतो, आणि तो तुकडा जुळवत बसेपर्यंत तुम्ही पुढच्या वाक्यावर गेलेले असता.

आपल्याकडेही यावर जुनं काम आहे. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेत (आजच्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीत) आर. के. बन्सल यांनी १९६०च्या दशकात भारतीय माणसाचं इंग्रजी बाहेरच्यांना किती कळतं हे तपासलं होतं. न कळण्याच्या मोठ्या कारणांत चुकीच्या जागी पडलेला आघात होता. अर्धशतक उलटून गेलं, आणि आमच्या मजल्यावर अजून तेच चाललंय.

आघात म्हणजे आवाज मोठा करणं, हा एक पक्का गैरसमज. मोठेपणा हा त्यातला सगळ्यात लंगडा भाग. वजनदार अक्षर लांब असतं, तिथे सूर वर किंवा खाली हलतो, आणि त्यातला स्वर स्वच्छ उच्चारला जातो. बाकीच्या अक्षरांचं काय होतं हे त्याहून महत्त्वाचं आहे: ती चेपली जातात. त्यांच्यातले 'ओ', 'ए', 'ऑ' वितळून एक पुसटसा 'अ' होतो. इंग्रजी बोलण्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर हाच.

गंमत म्हणजे हा 'अ' आपल्याला जन्मापासून येतो. 'कमळ'मधला, 'मन'मधला ऱ्हस्व अ जवळपास तोच आहे. स्पॅनिश माणसाला जो घाम गाळून शिकावा लागतो तो आपल्या बाराखडीचं पहिलं अक्षर आहे, आणि आपण तो वापरत नाही! याला जबाबदार आपली देवनागरीतली इंग्रजी शब्दांची लेखनपद्धत. 'ऑफिस'मधला 'ऑ' खरा आहे. पण त्याच्याकडे बघून आपण 'ऑफिशियल' म्हणतो, तिथे हवं 'अफिऽशल'. 'प्रोव्हाइड' नव्हे, 'प्रव्हाऽइड'. 'कॉम्प्युटर' नव्हे, 'कम्प्यूऽटर'. रोमन स्पेलिंगमधला प्रत्येक स्वर आपण प्रामाणिकपणे उच्चारतो. संस्कृत वाचायला उत्तम सवय आहे ती, इंग्रजीला मारक.

एकच शब्द पुन्हा पुन्हा विचारला जातो

हे सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण. वाक्य कळतं, पण मधला एक शब्द अडतो. तुम्ही तो तीनदा म्हणता, तिन्ही वेळा तसाच.

आमच्याकडे नेहमी अडणारे शब्द हे: डिव्हेऽलप (डेऽव्हलप नाही), कम्पोऽनंट, परॅऽमिटर, कॅऽलिंडर, इव्हेऽन्ट, डिटऽर्मिन (शेवटी 'माइन' नाहीच), इग्झेऽक्युटिव्ह, ऑल्टऽर्नटिव्ह, इऽन्व्हॉइस, मॅऽनिजमंट, कमिऽटी, इक्विऽपमंट. 'परॅऽमिटर' हा तर शिरोमणी. 'पॅरामीटर' ऐकून समोरच्याला 'मीटर' तेवढा कळतो, आणि तो कसला मीटर शोधतोय देव जाणे.

हे पाठ करायची एक देशी युक्ती मला सापडली. शाळेत वृत्तं शिकताना गण पाठ केलेले आठवतात? भास्कर, जनास, समरा. 'भास्कर' म्हणजे गुरू-लघु-लघु, 'जनास' म्हणजे लघु-गुरू-लघु, 'समरा' म्हणजे लघु-लघु-गुरू. आता तीन अक्षरी इंग्रजी शब्द या खणांत टाका. कॅऽलिंडर, मॅऽनिजर हे भास्कर. कमिऽटी, कम्पोऽनंट, डिटऽर्मिन हे जनास. एंजिनीऽअर, व्हॉलन्टीऽअर हे समरा. शब्द अडला की आधी गण म्हणायचा, लगेच मागे शब्द: "जनास, जनास, कम्पोऽनंट." आमच्या पँट्रीत हे चालू असलं की इतर टीमवाले बघत राहतात, बघू देत. आपलं गुरू अक्षर आणि इंग्रजी आघात या एकच गोष्टी नाहीत हे मला ठाऊक आहे. गुरू एका ओळीत कितीही येतात, इंग्रजी शब्दात मुख्य वजन एकाच अक्षराला मिळतं. पण कानाला वळण लावायला युक्ती पुरते.

नियम थोडे आहेत, आणि जे आहेत ते कामाचे आहेत. शेवटी 'शन' आला की वजन त्याच्या आधीच्या अक्षरावर: ॲप्लिकेऽशन, कन्फिगरेऽशन, इन्फर्मेऽशन. शेवटी 'इक' आला तरी तसंच: स्पसिऽफिक, ऑटमॅऽटिक, इकनॉऽमिक. (पॉऽलिटिक्स आणि कॅऽथलिक मात्र हट्टी.) 'इटी' आली तरी तसंच, सिक्युऽरिटी, अव्हेलबिऽलिटी. यामुळे एकाच घरातले शब्द वजन इकडून तिकडे फिरवतात: फोऽटग्राफ, पण फटॉऽग्रफर, आणि फोटग्रॅऽफिक. स्वरही सोबत बदलतात बघा. पहिल्यात 'फो' आहे, दुसऱ्यात त्याचा 'फ' झाला.

दोन अक्षरी शब्दांत एक जोडगोळी असते. नाम असेल तर वजन पुढे, क्रियापद असेल तर मागे: रेऽकॉर्ड हे नाम, रिकॉऽर्ड करणं ही क्रिया, प्रॉऽजेक्ट आणि प्रजेऽक्ट, इऽन्क्रीस आणि इन्क्रीऽस. पण हा नियम सरसकट लावू नका. रिपोऽर्ट, रिक्वेऽस्ट, रिप्लाऽय हे दोन्ही वेळा मागेच वजन घेतात, आणि 'रिऽपोर्ट' ही आपल्याकडची खास चूक याच अतिउत्साहातून येते. जोडशब्दांत मात्र वजन बहुधा पहिल्यावर: पाऽसवर्ड, क्रेऽडिट कार्ड, एऽअरपोर्ट.

शंका आली तर शब्दकोश उघडा, पण त्यातली खूण नीट वाचा. बहुतेक आधुनिक कोशांत एक बारीक उभी रेघ असते, वरच्या बाजूला. ती वजनदार अक्षराच्या आधी येते. आपण ती मागच्या अक्षराची समजून वाचतो आणि कोश बघूनही चुकीचं शिकतो! माझी स्वतःची दोन वर्षं यात गेली. काही जुन्या अमेरिकन कोशांत खूण अक्षराच्या नंतर असते, त्यामुळे कोणता कोश आहे ते आधी पाहा. आणि उलटं छापलेलं छोटं 'ई' अक्षर दिसलं की तो आपला कमळातला 'अ'.

एक छोटी गोष्ट जाता जाता. वजनदार अक्षराच्या सुरुवातीला प, ट, क आला तर इंग्रजी माणूस त्यावर श्वासाचा एक झोत सोडतो. आपण सोडत नाही, म्हणून आपला 'पॅक' त्याला 'बॅक' ऐकू येतो आणि 'टेन'चा 'डेन' होतो. तोंडासमोर टिश्यू पेपर धरा. 'पेपर' म्हणताना पहिल्या 'प'ला तो हलला पाहिजे, दुसऱ्याला नाही.

आकडे चुकीचे पोचतात

पंधरा आणि पन्नास. हा पैशाचा मामला आहे, त्यामुळे थोडक्यात पण स्पष्ट सांगते. एकटं उच्चारलं तर फिफ्टीऽन आणि फिऽफ्टी, भेद सोपा. पण पुढे नाम आलं की 'टीन'वरचं वजन पहिल्या अक्षरावर सरकतं, 'फिऽफ्टीन डेऽज', आणि मग भेद जवळजवळ मिटतो. 'टी' लांब ठेवून शेवटचा 'न' पुरता वाजवला तर निभतं. अमेरिकन माणूस थर्टी, फॉर्टी, एटीमधला 'ट' मऊ करून 'थर्डी'सारखं म्हणतो आणि 'थर्टीन'मध्ये मात्र 'ट' कडक ठेवतो, तेवढं कानाला माहीत असावं. बाकी, रक्कम किंवा तारीख असेल तर मी शुद्ध उच्चाराच्या नादी लागतच नाही. "फिफ्टीन, वन-फाइव्ह" म्हणते आणि मोकळी होते.

होय म्हटलं, नाही ऐकलं गेलं

आता लातूरच्या पोराकडे परत. बोलीतल्या अमेरिकन इंग्रजीत 'कॅन' हा वाक्याच्या मध्ये आला की चेपला जातो, 'क्न' होतो: "वी क्न डिप्लॉऽय." नकारार्थी रूप मात्र कधीच चेपलं जात नाही, "वी कॅऽन्ट डिप्लॉऽय." आणि त्यातला शेवटचा 'ट' बहुतेक वेळा तोंडातच राहतो, फुटत नाही. म्हणजे ऐकणाऱ्याकडे 'ट' हा पुरावाच नसतो. तो बघतो एवढंच की शब्द चेपलेला आहे की भरलेला. भरलेला, म्हणजे नाही. आमच्या पोराने अगदी स्वच्छ, ठासून, इंग्रजीच्या बाईंनी शिकवल्यासारखा 'कॅऽन' म्हटला, आणि जितका स्पष्ट म्हटला तितका तो नकार झाला.

उपाय: 'कॅन' गिळा, वजन पुढच्या क्रियापदाला द्या. 'कॅन्ट'ला मात्र वजन द्या आणि त्यावर अर्धा क्षण थांबा. तरी भीती वाटत असेल तर 'येस' आधी लावा, किंवा नकारासाठी सरळ 'कॅनॉट' वापरा. वाक्याच्या शेवटी आला तर 'कॅन' भरलेलाच राहतो, "येस, आय कॅऽन", तिथे गिळायचा नाही. लंडनकडचा माणूस नकाराला 'कान्ट' म्हणतो, स्वरच वेगळा, त्यामुळे त्याच्याशी बोलताना हा घोळ कमी.

बोलणं मशीनगनसारखं वाटतं

ही उपमा माझी नाही. आर्थर लॉइड जेम्स या ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञाने १९४०च्या सुमारास दोन लयी सांगितल्या, एक मशीनगनसारखी आणि एक मोर्सच्या तारेसारखी. केनेथ पाइक यांनी १९४५ मध्ये त्यांना शास्त्रीय नावं दिली. पहिलीत प्रत्येक अक्षर साधारण सारखा वेळ घेतं, दुसरीत वजनदार अक्षरं ठरावीक ठोक्यांवर पडतात आणि मधली अक्षरं मिळेल त्या जागेत चेंगरून बसतात. मराठी पहिलीच्या जवळ, इंग्रजी दुसरीच्या. पुढे लोकांनी यंत्राने मोजलं तेव्हा इंग्रजीतले ठोके काही घड्याळासारखे समान अंतरावर निघाले नाहीत. पण कानाला वाटतं तसंच, आणि सरावाला ते पुरतं.

टेबलावर तीन ठोके द्या, सारख्या अंतराने, आणि हे म्हणा:

मेऽल क्लाऽयंट्स टुडेऽ.
आय विल मेऽल द क्लाऽयंट्स टुडेऽ.
आय शुड हॅव मेऽल्ड ऑल द क्लाऽयंट्स बाय टुडेऽ.

तीनही ओळी तीनच ठोक्यांत बसल्या पाहिजेत. तिसरी बसत नसेल तर तुम्ही 'शुड हॅव'ला त्यांच्या लायकीपेक्षा जास्त मान देताय. तिथे हवं 'शदव', एका घासात. टू, फॉर, ऑफ, ॲट, अँड, द, हॅव ही सगळी गर्दीतली माणसं, दारात उभं राहून प्रवास करणारी. खिडकीची जागा नाम आणि क्रियापदाला.

मात्र यात फार वेळ घालवू नका. २००० साली जेनिफर जेनकिन्स यांनी जगभरच्या बिगर-इंग्रजी मंडळींमधलं इंग्रजी तपासून काय शिकवायला हवं आणि काय नको याची यादी मांडली. त्यात ही लय 'नको'च्या बाजूला होती. जपानी किंवा ब्राझिलियन माणसाशी बोलताना तर आपलं सुटं सुटं बोलणंच त्याला सोपं जातं. वाक्यातला मुख्य शब्द उचलणं मात्र 'हवं'च्या बाजूला होतं, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा तोच.

शब्द कळले, मुद्दा कळला नाही

समोरचा म्हणतो, "सो, आर यू सेइंग...?" आणि तुम्ही आत्ताच सांगितलेलं पुन्हा विचारतो. हे लक्षण असेल तर इथे या.

इंग्रजीत 'च' नाही. 'ही' नाही, 'तर' नाही, 'की' नाही. 'रवीने मला फाइल सोमवारी पाठवली' यात आपल्याला हवं तिथे 'च' टोचता येतो: रवीनेच, मलाच, फाइलच, सोमवारीच. वर शब्दांची जागाही हलवता येते, सांगायचं ते क्रियापदाच्या जवळ आणायचं. इंग्रजीत जागा बांधलेल्या. मग हे काम करायचं कुणी? सुराने.

रऽवी सेंट मी द फाइल ऑन मंडे. रवीनेच, दुसऱ्या कुणी नाही.
रवी सेंट मीऽ द फाइल ऑन मंडे. मलाच.
रवी सेंट मी द फाइल ऑन मऽन्डे. सोमवारीच.
रवी डिऽड सेंड मी द फाइल. पाठवली की!

ज्या शब्दावर ऽ आहे तिथे सूर उडी मारतो आणि तिथून शेवटपर्यंत सपाट खाली जातो. ही सपाटी फार महत्त्वाची, आणि आपण चुकतो तिथेच. आपण उडी मारतो, पण पुढच्या शब्दांनाही थोडं थोडं वर उचलत राहतो. मग चार 'च' असलेलं वाक्य ऐकल्यासारखं होतं: रवीनेच मलाच फाइलच सोमवारीच. कुठला खरा?

आपल्या लोकांचं ते सुप्रसिद्ध 'ओन्ली' इथूनच आलंय. "आय केम यस्टर्डे ओन्ली," म्हणजे मी कालच आलो. 'च' ठेवायला जागा सापडेना म्हणून आपण तो शब्दाच्या रूपात शेवटी चिकटवला. हसू नका, भाषेची गरज खरी आहे. फक्त पलीकडचा त्याचा अर्थ 'फक्त' असा घेतो आणि गोंधळतो. 'ओन्ली' काढा, 'येऽस्टर्डे'वर सूर उचला, झालं.

'तर'साठी वेगळी चाल आहे. "मी तर पाठवली होती" (बाकीच्यांचं मला माहीत नाही) याला इंग्रजीत 'आऽय सेंट इट' म्हणताना 'आय'वर सूर खाली जाऊन परत थोडा वर येतो, वाटीसारखा. वाक्य अर्धवट राहिल्यासारखं वाटतं, आणि तेच अपेक्षित आहे.

आणि आधी आलेला शब्द. चहा विचारला तर आपण म्हणतो, "नको, मला आवडत नाही." चहा हा शब्द आपण टाकूनच देतो. इंग्रजीत तो टाकता येत नाही, पण बुडवावा लागतो: "आय डोंट लाऽइक टी." आपल्या तोंडून येतं, "आय डोंट लाइक टीऽ." ऐकणाऱ्याला वाटतं चहा नको, म्हणजे कॉफी मागतेय. मग तो कॉफी आणतो. माझ्या बाबतीत खरोखर आणली, आणि मी ती प्यायलेसुद्धा.

तुम्ही उद्धट वाटता

हे कुणी तोंडावर सांगत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कळत नाही. जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये याचं नमुनेदार प्रकरण लिहिलंय. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या कर्मचारी-कँटीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने कामाला लागल्या होत्या. त्या फारच फटकळ आहेत अशी कुरकुर सुरू झाली. त्या बोलत काय होत्या? ताट पुढे आलं की एकच शब्द, "ग्रेव्ही." ब्रिटिश बाई तिथे सूर वर नेऊन "ग्रेव्ही?" म्हणते, म्हणजे वाढू का. या बायका सूर खाली आणून म्हणत. त्यांच्या कानाला तो साधा प्रश्न होता. समोरच्याला ऐकू आलं: ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या. ध्वनिफीत दोन्हीकडच्यांना एकत्र ऐकवली तेव्हा कुठे उलगडा झाला.

आपल्या कामात हे कुठे होतं? एकाच शब्दाच्या प्रश्नांत. "नेम." "इन्व्हॉइस नंबर." मराठीत आपण 'नाव?' असं खाली आणून विचारलं तरी कुणी रागावत नाही. इंग्रजीत होय-नाहीचे आणि एकशब्दी प्रश्न वर न्या. 'व्हॉट', 'व्हेअर', 'व्हाय'चे प्रश्न मात्र साधारण खालीच उतरतात. ते वर नेले तर काही बिघडत नाही, फक्त जरा जास्त गोड वाटतं. वाक्याच्या शेवटच्या 'इझन्ट इट'ला सूर खाली म्हणजे 'आहे ना, हो म्हण', आणि वर म्हणजे खरंच माहीत नाही.

घरी तपासणी

मोबाइलवर स्वतःचा एक मिनिट रेकॉर्ड करा. मजकूर वाचू नका, आजचं काम सांगा. वाचताना सगळेच शहाणे असतात. मग रेकॉर्डिंग ऐकताना कागदावर प्रत्येक वाक्यातला सगळ्यात उंच शब्द लिहा. एका वाक्याला तीन शब्द लिहावे लागत असतील तर बिघाड सापडला. डोळ्याने बघायचं असेल तर ॲमस्टरडॅममध्ये तयार झालेलं 'प्रात' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे (डच भाषेत त्याचा अर्थ 'बोल'). त्यात आवाजाची चढउतार रेघेने दिसते. दिसायला रुक्ष आहे, पण आपल्या रेघेत करवतीचे दात आणि क्लायंटच्या रेघेत एकच टेकडी, हे एकदा बघितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

शब्दांसाठी केसांचं रबर घ्या, दोन अंगठ्यांत अडकवा, वजनाच्या अक्षरावर ताणा, बाकीच्यांवर सोडा. दिवसाला पाच शब्द, तेही आपल्या कामातले. हजार शब्दांची यादी कुणी पाठवली तर घेऊ नका, तुमचा धंदा चाळीस शब्दांवर चालतो.

आणि ऐन कॉलवर शब्द अडलाच, तर तो तसाच चौथ्यांदा म्हणू नका. वजन एक अक्षर पुढे किंवा मागे सरकवून बघा. आश्चर्य वाटेल इतक्या वेळा दुसऱ्या फटक्यात "ओऽह, परॅऽमिटर!" असं येतं, आणि बरोबर उच्चार फुकटात मिळतो. तोही गेला तर चॅटमध्ये टाइप करा. लातूरचं पोरगं आता कॉलच्या शेवटी न चुकता ते करतं: "कन्फर्मिंग: येस, टुनाइट." उच्चार त्याचा सुधारलाय, तरीही.